भर दुपारी उतरणारा बर्फ

या, सावलीत या. हे गोल दगडी कठडे दिसताहेत ना, ते विहिरीचे समजून आत वाकू नका, चष्मे पडतात. मागे डोंबिवलीच्या एका काकांचा पडला, तो अजून आतच आहे. पाणी नाही आत, कधी नव्हतंच. या बर्फाच्या विहिरी. नेवेरा गावाच्या डोक्यावर, या चेस्टनटच्या रानात अशा पुष्कळ होत्या. बऱ्याचशा बुजल्या, काहींत झाडं उगवली. ही एवढी गावानं नीट राखली आहे. का राखली, तेच सांगायचंय.

तिरेल्ला बेट नकाशावर बोटाखाली झाकून जातं. खाली समुद्राला लागून लास्त्रा बंदर आणि वर डोंगराच्या खांद्यावर हे नेवेरा, नाव घ्यावीत अशी गावं दोनच. लास्त्रा आता तुमच्यासारख्या पाहुण्यांवर जगतं. पिवळ्या दगडाचा किल्ला, मासळीबाजार, बोटीतून पाय खाली टाकत नाही तोच अंगावर येणारे ते टोप्या विकणारे, आणि सकाळी तुम्ही सगळ्यांनी ज्याच्यावर ताव मारलात तो लिंबाचा बर्फ. मारा, मारा, तो त्यासाठीच असतो. पण यंत्रं यायच्या आधी हा बर्फ लास्त्रात यायचा कुठून, ते कुणी विचारत नाही. तो इथून जायचा.

थंडीत डोंगरावर बर्फ पडला की नेवेरातली बायामाणसं फावडी घेऊन वर यायची. बर्फ लोटून या विहिरींत टाकायचा आणि आत उतरून पायांनी तुडवायचा, अगदी दगड होईपर्यंत. मग वर वाळक्या नेच्याच्या पानांचा थर, पुन्हा बर्फ, पुन्हा थर. विहीर भरली की फांद्या आणि माती घालून तोंड बंद. उन्हाळ्यात लास्त्राचे दगड भाजायला लागले की विहीर उघडायची, करवतीनं लाद्या कापायच्या, कोरड्या घोंगड्यांत गुंडाळायच्या आणि खेचरांवर लादून खाली न्यायच्या. हे नेणं सूर्य बुडाल्यावरच. उन्हात बर्फ काढणारा माणूस नेवेरात वेडा ठरायचा. चेस्टनट, चीज आणि बर्फ, या तिन्हींवर वरचं गाव जगायचं. खालचं गाव मासळी खारवण्यावर. वरच्यांना खालच्यांचं मीठ लागायचं आणि खालच्यांना वरच्यांचा गारवा.

आता एक रीत नीट लक्षात घ्या, कारण सगळं तिच्यावर आहे. बर्फ घेऊन जाणाऱ्यापुढे वाटेत कुणी हात पसरला, तर एक मूठ द्यायचीच. नाही म्हणायचं नाही. आणि हा बर्फ कुणासाठी चाललाय, ते सांगायचंही नाही. म्हणे फार पूर्वी खेचरवाले 'हा सरदारांचा आहे, हात लावू नका' असं म्हणत तहानलेल्यांना हाकलायचे. तेव्हा नेवेराच्या म्हाताऱ्यांनी ठरवलं, की बर्फ आभाळातून पडतो, त्याला कुणाचं नाव चिकटवायचं नाही. मोठी चांगली रीत. नेवेराची माणसं या रीतीवर फार ताठ असायची. आमच्या बर्फाला मालक नाही, असं छाती काढून सांगायची.

ही हकीकत नेवेरात सून म्हणून आलेल्या वसईच्या एका बाईला तिच्या सासूनं सांगितली, याच कठड्यावर बसून. ती वसईची बाई कोण, ते तुम्ही आवाजावरून ओळखलंच असेल. सासूला तिच्या सासूनं सांगितलेली. त्याच्या मागे किती सासवा, ते देवाला ठाऊक.

तर असं सांगतात, की त्या काळी नेवेरात ओर्सोला नावाची एक बाई राहायची. नवरा लवकर गेलेला. अंगापिंडानं दांडगी, बर्फ तुडवण्यात तिचा हात, म्हणजे पाय म्हणा, कुणी धरत नसे. तिला एकच मुलगी, झीता. वयात आलेली, हसरी, जराशी हट्टी. डोंगरावर चेस्टनट सोलत बसायचा तिला कंटाळा. लास्त्रात मासळी खारवण्याच्या कोठारात काम मिळतंय म्हटल्यावर तिनं आईच्या मागे टुमणं लावलं. ओर्सोलानं आधी नाही म्हटलं, मग कुरकुरत हो म्हटलं, आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी तिला स्वतः खाली सोडून आली. कोठाराच्या माडीवर कामकरी मुली राहायच्या, तिथं झीताची पथारी पडली.

त्या उन्हाळ्यात लास्त्रात ताप आला. कसला, ते कुणाला कळलं नाही. माणूस सकाळी कामावर जायचा आणि दुपारी भिंत धरून घरी यायचा. अंग असं भाजायचं की आई लेकराला कुशीत घेऊ शकत नसे. औषध कुणाकडे नव्हतं. कपाळावर बर्फ ठेवला की घटकाभर डोळे उघडतात, एवढंच लोकांनी पाहिलं होतं, म्हणून जो तो बर्फ मागत होता. नेवेराच्या विहिरी एकामागून एक रिकाम्या झाल्या. तापाची झळ मग वाटेवरच्या वाड्यावस्त्यांवरही आली.

एके दिवशी सकाळी खेचरं परत आली. खेचरवाल्यांचा म्होरक्या रोक्को. त्याला सगळे त्सी रोक्को म्हणायचे, म्हणजे आपल्याकडचं रोक्कोकाका. तो घरी न जाता सरळ ओर्सोलाच्या दारात आला. 

"ओर्सोला, झीताला ताप चढलाय," तो म्हणाला. "पाणी पोटात ठरत नाही. आईला म्हणावं गार काहीतरी घेऊन ये, एवढंच म्हणतेय."

"मग काल नेलेल्या बर्फातला दिला नाहीस तिला?"

"अगं, वेशीतच संपला. हात पुढे येत होते आणि आम्ही देत होतो. कोठारापर्यंत पोचलोच नाही."

ओर्सोला त्याला बोलली नाही. हात पुढे आल्यावर तिनंही दिलाच असता. तिनं एवढंच विचारलं, की विहिरीत किती उरलाय. त्सी रोक्को म्हणाला, कसला उरतोय, शेवटच्या विहिरीच्या तळाशी गाळ आणि नेचा आहे, त्यात असेल थोडा. संध्याकाळी खेचरं पुन्हा उतरतील, तेव्हा खरवडून नेऊ. "आत्ता उन्हात नेऊ नकोस. पाणी होईल त्याचं. सूर्य बुडेपर्यंत थांब."

"तोवर ती थांबेल का?" ओर्सोलानं विचारलं. "तू पाहिलंयस तिला. थांबेल का सांग."

 त्सी रोक्को वळून खेचराचा पट्टा सोडायला लागला.

ओर्सोला शिडी टाकून या विहिरीत उतरली. हीच ती, जिच्या कठड्यावर तुम्ही पिशव्या ठेवल्यात. ठेवा, असू द्या. तळाशी बर्फ होता, पण दगडासारखा नव्हता. भुसभुशीत, काळपट, काडीकचरा मिसळलेला. नखांनी खरवडून खरवडून तिनं तो गोळा केला, कळशीभर भरला असेल. घोंगड्या साऱ्या रात्रीच्या ओझ्याखाली भिजून आलेल्या. ओली घोंगडी तर बर्फ लवकरच खाते. तेव्हा तिनं स्वतःची लोकरीची शाल घेतली, तीत वाळका नेचा अंथरला, मधे बर्फ घातला, वरून पुन्हा नेचा, आणि गाठोडं बांधून पाठीवर घेतलं. सूर्य डोंगरावर चांगलाच आला होता.

चेस्टनटच्या रानात सावली होती. तिथवर तिला वाटत होतं, की पोचेल. ती जवळजवळ पळत होती. रान संपलं तिथं धनगरांची वस्ती, आणि वस्तीच्या तोंडाशी एक बाळंतीण उभी. हातात तान्हं, ते रडतसुद्धा नव्हतं. तिनं हात पुढे केला. ओर्सोलानं गाठ सैल केली आणि मूठ भरून दिली. भरगच्च, नेवेराला शोभेल अशी. देताना तिला वाईटही वाटलं नाही. केवढं लेकरू ते!

पुढे कोळसा पाडणारा एक माणूस, त्याची बायको आत निजलेली. मूठ दिली. मग दोघी बहिणी. मूठ दिली. ऑलिव्हच्या मळ्यांपाशी सावली संपली आणि ऊन तापलेल्या तव्यासारखं अंगावर आलं. बर्फ ठिबकायला लागला. वाटेवर पांढरी धूळ होती आणि तीत थेंबांची काळी रेघ तिच्या मागोमाग यायला लागली. तिच्या हे ध्यानातच आलं नाही. मागून हाका आल्या तेव्हा तिनं वळून पाहिलं, तर मळ्यातली माणसं ती रेघ बघत बघत धावत येत होती. बिचाऱ्यांचा तरी काय दोष! प्रत्येकाच्या घरात कुणी ना कुणी भाजत पडलेलं. प्रत्येकाला एकच मूठ हवी होती. एका मुठीनं हिचं काय कमी होणार, असंच प्रत्येकाला वाटलं.

मग तिनं गाठोडं घट्ट ओढून पाठीच्या मधोमध घेतलं, म्हणजे थेंब धुळीत न पडता चोळीत मुरतील. वाट सोडून ती गवतातून चालायला लागली. काट्यांनी पाय फाटले. पण पाठीवर ओल दिसली की लोक ओळखायचे. तिच्या जिवाची नुसती तगमग होत होती. एकदा वाटलं, ओरडून सांगावं, माझ्या लेकीसाठी आहे हो, सोडा मला! ओठांवर आलं आणि तिथंच राहिलं. नाव सांगायचं नाही, हे ती लहानपणापासून ऐकत आली होती, दुसऱ्यांना ऐकवत आली होती. आणि सांगून तरी काय? समोरची बाई म्हणाली असती, माझीही लेकच आहे.

एका बाईपुढे तिनं मूठ आवळून धरली, दिली नाही. ती बाई भांडली नाही, रडली नाही. हात तसाच धरून उभी राहिली. ओर्सोला दोन पावलं पुढे गेली, परत आली आणि दिला. त्यानंतर मात्र तिची मूठ लहान होत गेली. आधी मूठभर, मग अर्धी मूठ, मग चिमूटभर. आपली मूठ लहान होतेय हे तिला दिसत होतं. लाजेनं तिचा चेहरा तापायचा आणि तरी ती मूठ मोठी करायची नाही. सासू म्हणायची, एवढंच एक ओर्सोलानं स्वतःच्या पोरीसाठी केलं, तेवढंच तिला जमलं.

लास्त्राच्या वेशीपाशी तुतीचं मोठं झाड होतं. त्याखाली बास्तियानो नावाचा म्हातारा पिंपं बनवायचा. एकटा जीव, घरात आजारी कुणी नाही, स्वतः ठणठणीत. फार गोड माणूस. येणाऱ्याजाणाऱ्याला हाक मारल्याशिवाय त्याला चैन पडायचं नाही. ओर्सोला समोरून आली तेव्हा तो घामानं निथळत पिंपाला लोखंडी कडं ठोकत होता.

"अरे वा, या उन्हात बर्फ! आज देव पावला," असं म्हणून त्यानं हसत हात पुढे केला. "आण बाई, घसा सुकलाय."

त्याला ठाऊकच नव्हतं. वाटेवर बर्फ दिसला की हात पुढे करायचा, हे तो जन्मभर करत आला होता. आणि तिचाही हात सवयीनं गाठोड्यात गेला. बोटांना नेचा लागला, ओला नेचा, आणि त्याच्या मधे सुपारीएवढा एक खडा. तिनं तो त्याच्या हातावर ठेवला. बास्तियानोनं तोंडात टाकला, डोळे मिटले आणि म्हणाला, "जिवात जीव आला गं."

यावर कुणी काही बोलू नका. सासूनं सांगितलं तेव्हा वसईची सून बोलली होती, काय मेला म्हातारा म्हणून, आणि सासूनं तिला तिथंच गप्प केलं.

ओर्सोला कोठाराच्या माडीवर पोचली. झीता शुद्धीत होती. डोळे एवढाले झालेले, ओठ फुटलेले. आई दिसली तशी तिनं मान उचलली. "आणलंस गार?" एवढंच म्हणाली.

ओर्सोलानं खाली बसून गाठोडं सोडलं. नेच्याची पानं एकेक करून बाजूला काढली. काही नव्हतं. कुठं पानाच्या देठात काही अडकलं असेल म्हणून तिनं पुन्हा सगळी पानं चाचपली. शाल पिळली, तर पाणी निघालं, आणि तेही उन्हानं कोमट झालेलं. तिला काय करावं ते सुचेना.  मग तिच्या लक्षात आलं, की आपली पाठ अजून ओली आहे. वाटभर थेंब झिरपून झिरपून चोळी गच्च झाली होती आणि पाठ तेवढी गार लागत होती. ती लेकीकडे पाठ करून बसली, मागे हात नेऊन तिला ओढून घेतलं आणि तिचं तोंड आपल्या पाठीवर टेकवलं.

झीतानं गाल टेकला. "गार आहे," ती म्हणाली.

असं सांगतात, की दोघी बराच वेळ तशाच बसल्या. ओर्सोला हलली नाही. हलली तर गार जागा सरकेल, असं तिला वाटत होतं. पाठ हळूहळू तापत गेली. ऊन कलायला लागलं तेव्हा तिच्या ध्यानात आलं, की पाठीवर लागणारा श्वास मघापासून लागत नाहीये. पोरीचं शेवटचं तोंडही तिनं पाहिलं नाही. पाठ केली होती ना.

झीताला पुरलं. ओर्सोला परत वर गेली, आणि वर्षभर तिच्या मनात एकच गोष्ट घोळत राहिली. वाटेवरचा एकेक हात तिला आठवायचा. बाळंतिणीचा, कोळसेवाल्याचा, दोघी बहिणींचा, त्या तशाच उभ्या राहिलेल्या बाईचा. सगळ्यांत जास्त बास्तियानोचा. घसा सुकलाय म्हणून! तिच्या अंगाची लाही लाही व्हायची. बाकीच्यांना आजाऱ्यासाठी हवा होता, त्यांना ती मनात कधी सोडून द्यायची, कधी पुन्हा पकडायची. बास्तियानोला तिनं कधी सोडलं नाही. ज्यांनी मुठी नेल्या त्यांच्यातलीही कुणाची माणसं वाचली, कुणाची गेली. ते बाळ वाचलं म्हणे. आता तुमच्यातले डॉक्टर मान हलवताहेत, की बर्फानं असला ताप कुठला बरा होतोय. नसेल होत. तिला कोण सांगणार होतं ते?

गोष्ट हळूहळू लास्त्रात पसरली. तो बर्फ कुणासाठी होता, ते लोकांना कळलं. बास्तियानोनं हातोडा खाली ठेवला तो ठेवलाच. एकदा तो धापा टाकत वर नेवेराला आला आणि ओर्सोलाच्या अंगणात दिवसभर बसला. ती आत-बाहेर करत राहिली, पण त्याच्याकडे पाहिलं नाही. तो म्हणाला, "मला माहीत नव्हतं, बाई. एकदा शिवी तरी दे." तिनं शिवीही दिली नाही. संध्याकाळी तो उठून गेला.

पुढचा उन्हाळा आला. तापाचं नाव नव्हतं. ओर्सोला रविवारी लास्त्राच्या चर्चमध्ये गेली आणि सगळ्यांसमोर उभी राहिली. आवाज न चढवता म्हणाली, "मी पुन्हा त्याच वाटेनं बर्फ आणणार आहे. त्याच वेळी, त्याच विहिरीतला, तेवढाच. कुणी मागायचा नाही. कुणी मागितला नसता तर पोचला असता, हे मला बघायचंय. तुम्हीही बघा."

 सगळ्यांनी मान डोलावली. तिथंच देवासमोर त्यांनी शपथ घेतली, की हात पुढे करणार नाही. पण हाताला सवय, तो आपोआप पुढे जायचा. म्हणून त्यांनी हात पाठीमागे घेऊन धरायचे ठरवले.

त्या दिवशी वाटेच्या दोन्ही बाजूंना माणसं उभी होती, वरपासून खालपर्यंत. सगळ्यांचे हात मागे. ओर्सोला शाल पाठीवर घेऊन आली. कुणी हाक मारली नाही, कुणी पुढे झालं नाही. बाळंतिणीचं पोर चालायला शिकलं होतं. त्याला मात्र कळेना, ते ओर्सोलाकडे हात करायला लागलं, तेव्हा आईनं त्याला आपल्या मागे दाबून धरलं. आणि खरं सांगू? उभ्या असलेल्यांतला प्रत्येक जण मनात म्हणत होता, की देवा, हा वितळू दे. वितळला तर आपण सुटलो. आणि असं मनात आल्याची प्रत्येकाला लाजही वाटत होती. म्हणे एकटा बास्तियानो तेवढा म्हणत होता, की पोचू दे. त्याचा गुन्हा काय तो एकदाचा ठरला असता.

ऑलिव्हच्या मळ्यांपाशी थेंब सुरू झाले. धुळीत काळी रेघ उमटली. ती बघून कुणी धावलं नाही. वेशीपर्यंत ती रेघ आली, वेशीच्या आत थोडी आली, आणि मग थांबली. ओर्सोला चालतच राहिली. आपल्यामागे रेघ नाही, हे तिला दिसत नव्हतं. बाकी सगळ्यांना दिसत होतं.

कोठाराच्या दाराशी ती खाली बसली आणि तिनं गाठोडं सोडलं. पानं बाजूला काढली, चाचपली, पुन्हा चाचपली. सगळा गाव बघत उभा. पानांखाली काही नव्हतं. एकाही माणसानं एक चिमूटही घेतली नव्हती आणि तरी काही नव्हतं.

असं सांगतात, की ती तशीच बसून राहिली. बास्तियानो गर्दीतून पुढे आला आणि तिच्यासमोर गुडघ्यांवर बसला. त्याचे हात अजून मागेच होते. ओर्सोलानं त्या दिवशी पहिल्यांदा त्याच्याकडे पाहिलं.

"कुणीच नाही घेतला," ती म्हणाली. "मग आता मी रागवू कुणावर?"

बास्तियानो हमसून हमसून रडायला लागला. लोकांना वाटलं होतं, की बर्फ पोचला नाही तर आपण सुटू. सुटल्यासारखं कुणालाच वाटलं नाही. आणि तिच्याजवळ वर्षभर एक राग होता, तो धरून ती जगली होती. तोही त्या पाण्यात गेला. घरी जाताना तिला दोघांनी धरून न्यावं लागलं.

त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात ती पुन्हा बर्फ घेऊन उतरली. का, ते तिला कुणी विचारलं नाही. एखाद्या वर्षी ऊन कमी असेल, एखाद्या वर्षी पाय जास्त उचलतील, असं तिला वाटत असावं. लोक पुन्हा हात मागे घेऊन उभे राहिले, आणि या वेळी सगळे मनातून म्हणत होते, की पोचू दे. नाही पोचला. ती म्हातारी होईपर्यंत दर उन्हाळ्यात उतरत राहिली. ती गेल्यावर तिच्या जागी नेवेराची दुसरी एक बाई उतरली, मग तिसरी. एका वर्षी म्हणे आभाळ भरून आलं होतं आणि दाराशी शाल उघडली तेव्हा पानांत नखाएवढा बर्फ दिसला. 'आहे, आहे!' म्हणून सगळे ओरडले, आणि नीट बघेबघेपर्यंत तो गेला. खरं काय ते देव जाणे. सासू म्हणायची, तिच्या सासूनं पाहिला होता. सगळ्यांच्याच सासूनं पाहिलेला असतो.

आजही ऑगस्टच्या दुसऱ्या रविवारी नेवेराची एक बाई थंडीत मुद्दाम या विहिरीत भरून ठेवलेला तळचा बर्फ शालीत बांधते आणि भर उन्हात लास्त्राला निघते. लास्त्रात आता बर्फाला काय तोटा! दर दोन दुकानांआड यंत्र घरघरतंय. मागे एका नव्या नगराध्यक्षानं सुचवलं होतं, की थर्माकोलच्या पेटीत घालून आणू, आरामात पोचेल. चांगल्या मनानं बोलला बिचारा. सगळे त्याच्याकडे नुसते बघत राहिले, तेव्हा तो उठून पाणी प्यायला गेला. शालीतूनच आणायचा असतो, पायीच आणायचा असतो. तुम्ही त्या सुमाराला आलात तर खुशाल उभे राहा, पाहुण्यांना मनाई नाही. हात मात्र मागे. मोबाइल धरता येत नाही, तेवढं सोसा.

बाई येते, कुणी बोलत नाही. लहान पोरांचे हात आया धरून ठेवतात. बाई जुन्या कोठाराच्या दाराशी बसते, गाठ सोडते, पानं चाचपते, शाल झटकते आणि उठून उभी राहते. मग सगळा गाव मागे धरलेले हात सोडतो. आणि त्या मोकळ्या झालेल्या हातांचं काय करायचं, ते बराच वेळ कुणालाच सुचत नाही.